सनदेनंतरचे अध्ययन

वकिलीची सनद हाती पडली की विद्यार्थिदशा संपली, अशी लोकांची सर्वसाधारण समजूत असते. न्यायालयाचा शिष्टाचार मात्र निराळे सांगतो. तेथे प्रतिपक्षाच्या वकिलासदेखील ‘माझे विद्वान मित्र’ असेच संबोधिले जाते. हे विशेषण एखाद्या परीक्षेने कायमचे लाभत नाही. कायदा बदलेल तसतसे ते पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. ज्याने ते मिळविण्याचे थांबविले त्याचे नुकसान त्याच्यापुरते राहत नाही. पक्षकाराची जमीन, वारसा आणि प्रसंगी त्याचे स्वातंत्र्यही त्यात जाते. म्हणून सनदेनंतर वकील काय शिकला, कोठून शिकला आणि शिकण्यास त्याला कोणी भाग पाडले, हा प्रश्न केवळ एका व्यवसायाचा नव्हे. मराठी भाषकांच्या विद्याव्यासंगाच्या इतिहासातील ते एक महत्त्वाचे प्रकरण आहे, आणि त्याचा धावता आढावा येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबई इलाख्यात १८२७ साली एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी विनियमांची संहिता अमलात आली. त्याच वर्षी स्टील याने दख्खन प्रांतातील हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि बोराडेल याने नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर केले. पैठणहून काशीस गेलेल्या घराण्यातील हा सतराव्या शतकातील पंडित. त्याचा ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत विशेष प्रमाण मानला जाई. इतर महाराष्ट्रात ‘मिताक्षरे’चा मान पहिला. तथापि त्या काळच्या वकिलास हे ग्रंथ स्वतः उघडण्याचे फारसे कारण पडत नसे. न्यायालयात शास्त्री नेमलेला असे. दत्तक, वाटणी, स्त्रीधन असा प्रश्न निघाला की तो शास्त्र्याकडे जाई आणि शास्त्री आपली व्यवस्था देई. धर्मशास्त्राचे ज्ञान न्यायाधीशाच्या शेजारी बसलेले होते. वकिलाने कागदपत्रे आणि साक्षीदार सांभाळले की त्याचे काम भागे.

ही व्यवस्था १८६४ च्या अकराव्या कायद्याने संपली. त्याने न्यायालयांतील हिंदू व मुसलमान विधी-अधिकाऱ्यांची पदे रद्द केली. दिवाणी व्यवहाराची संहिता १८५९ मध्ये, दंडसंहिता १८६० मध्ये आणि फौजदारी कार्यपद्धती १८६१ मध्ये आली होती. १८६२ मध्ये मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले होते. हे सर्व नवे कायदे इंग्रजीत छापील मिळत. ते वाचून आत्मसात करणे परिश्रमाचे खरे, पण शक्य होते. हिंदू कायद्याची गोष्ट वेगळी होती. शास्त्री गेले, पण शास्त्र न्यायालयातच राहिले. हिंदूंच्या वारशाचा निर्णय अद्याप स्मृती, टीका आणि रूढी यांवरूनच द्यावयाचा होता, आणि ‘मिताक्षरे’चा अर्थ काय, हे सांगणारा अधिकृत मनुष्य आता उरला नव्हता. वेस्ट आणि ब्यूलर यांनी जुन्या शास्त्र्यांच्या उत्तरांचे संकलन १८६७ व १८६९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. मावळलेल्या संस्थेची ती शिदोरी होती. शिदोरी संपल्यावर पुढची तजवीज वकिलांनाच करावी लागणार होती.

ती कशी झाली याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे विश्वनाथ नारायण मंडलिक. कोकणातील मुरूड गावचे हे गृहस्थ उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र त्यांनी काढले आणि सार्वजनिक जीवनातही त्यांचा मोठा वाटा होता. व्यवसाय ऐन भरात असताना त्यांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृति’ यांचा मूळ पाठ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि हिंदू कायद्याच्या नाना विषयांवर परिशिष्टे जोडली. बोराडेलचे भाषांतर हाताशी असतानाही मंडलिकांस हा उद्योग करावासा वाटला, यातच त्याचे मर्म आहे. भाषांतरातील एका शब्दावर कोणाचा तरी वारसा टिकतो किंवा बुडतो. म्हणून वकिलाने मुळापर्यंत गेले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. त्यांच्याहून लहान असलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८७२ मध्ये वकिली करू लागले, आणि त्यांचे भगवद्गीतेचे गद्य इंग्रजी भाषांतर मॅक्स म्युलरच्या प्राच्य ग्रंथमालेत १८८२ मध्ये निघाले. १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, निवर्तले. संस्कृताचा त्यांचा व्यासंग आणि हिंदू कायद्यावरील त्यांचे प्रभुत्व या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

या परंपरेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. आधी शिक्षक म्हणून नोकरी करून १९११ पासून ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. ‘व्यवहारमयूखा’ची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९२६ मध्ये सिद्ध केली. त्या ग्रंथास धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी एवढाच प्रथमचा संकल्प होता. पण विषय वाढत गेला, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या नावाने त्याचे पाच खंड प्रसिद्ध झाले. १९६३ मध्ये काण्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, हा प्रचंड ग्रंथ विद्यापीठाच्या पीठावरून नव्हे, तर वकिलाच्या अभ्यासिकेतून बाहेर पडला. पुण्यास जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनी हेच काम संस्थेच्या मार्गाने केले. धर्मशास्त्रीय ग्रंथांची भाषांतरमाला त्यांनी चालविली, आणि १९२४ मध्ये सुरू झालेल्या विधी महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य झाले.

या थोर पुरुषांची उदाहरणे देऊन थांबलो तर मात्र चित्र एकांगी होईल. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या सामान्य माणसास काण्यांचे ग्रंथालयही नव्हते आणि मंडलिकांचा अवसरही नव्हता. त्याचे सनदेनंतरचे शिक्षण झाले ते निवाड्यांच्या मासिकांवर. १८७५ च्या कायद्यानंतर सरकारी निवाडेमाला निघू लागली; १८९९ मध्ये रतनलाल व धीरजलाल यांनी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केले; पुढे नागपूरच्या चितळे यांचे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ देशभर पोहोचले. नवा अंक आला की वकिलांच्या खोलीत एकाने वाचावा, दुसऱ्याने शंका काढावी, तिसऱ्याने जुन्या निवाड्याशी ताडून पाहावा, हीच त्यांची पाठशाळा होती. ती सरकारने काढलेली नव्हती. वकिलांनीच वकिलांसाठी ती उभी केली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास या पाठशाळेची खरी परीक्षा झाली, आणि ती आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी केंद्रांत अधिक कठोर होती. कारण येथे एखादा कायदाच नव्हे, तर सारे राज्यच पायाखालून सरकले. हैदराबाद संस्थानात न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठात कायद्याचे अध्यापनही उर्दूतूनच होई. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५० पासून राज्यघटनेने उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरविली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. उर्दूतून शिकलेल्या, उर्दूतून युक्तिवाद केलेल्या मराठी वकिलास आठ वर्षांच्या आत दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या उच्च न्यायालयापुढे उभे राहावे लागले. इंदूर व ग्वाल्हेरच्या वकिलांनी होळकर व शिंदे यांच्या दरबारांचे कायदे मागे ठेवून १९४८ मध्ये मध्य भारत आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश पाहिला. मुख्य पीठ जबलपुरास गेले. वडोदऱ्यास तर सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा आठ भाषांचा राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला होता. तेथील वकील १९४९ मध्ये मुंबई राज्याचे आणि १९६० मध्ये गुजरातचे झाले. बेळगावच्या वकिलांचे उच्च न्यायालय १९५६ मध्ये मुंबईहून बंगळूरास गेले आणि कनिष्ठ न्यायालयांच्या कामकाजात पुढे कन्नड आली.

गोव्यातील परिवर्तन सर्वांत मूलगामी होते. तेथे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता चालू होती, आणि वकिलाची सगळी विद्या पोर्तुगीज भाषेत होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढील दोन वर्षांत भारतीय फौजदारी कायदे तेथे लागू करण्यात आले, आणि १५ जून १९६६ पासून दिवाणी व्यवहार संहिताही आली. चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या वकिलांना परकी कार्यपद्धती परक्या भाषेत शिकणे प्राप्त झाले. उलटपक्षी कुटुंब व वारसा यांविषयीचा जुना कायदा गोव्यात कायम राहिला. त्यामुळे मुंबईहून आलेल्या वकिलास पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचे तत्त्व आणि मृताच्या मालमत्तेची यादी व वाटणी करणारी ‘इन्व्हेंटारियो’ नावाची कार्यवाही समजून घ्यावी लागली. ही विद्या गोव्याच्या सीमेत कोंडून राहिली नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गोमंतकीयाचा वारसा त्याच्या गोव्याबाहेरील मालमत्तेपुरताही याच संहितेने ठरेल. त्या दाव्यातील मालमत्ता मुंबईस होती. म्हणजे पणजीचा कायदा मुंबईच्या वकिलासही शिकणे आले.

इतकी स्थित्यंतरे झाली. परंतु आधीच सनद मिळालेल्या वकिलाने नव्याने शिकलेच पाहिजे, असा दंडक कोठेही नव्हता, आणि तो आजही नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचे निरनिराळे वर्ग मोडून एकच वर्ग केला. विधिशिक्षणाचा दर्जा राखणे, परिसंवाद व व्याख्याने भरविणे ही कार्ये वकील परिषदांकडे दिली. २०१० पासून नव्या वकिलांसाठी अखिल भारतीय परीक्षेची योजना आली, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरविली. पण ही परीक्षा उंबरठ्यावरची आहे. आत आलेल्यास पुढे कोणी विचारीत नाही. न्यायाधीशांसाठी १९९३ पासून भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. वकिलाचे व्याख्यानास जाणे मात्र त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे. अमेरिकेत मिनेसोटा व आयोवा या राज्यांनी १९७५ मध्येच वकिलांना ठराविक तासांचे अध्ययन सक्तीचे केले, आणि त्यांचे अनुकरण पुढे बहुतेक राज्यांनी केले.

इच्छेवर सोडल्याचा परिणाम काय होऊ शकतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीस वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः मुलासारखा सहदायिकत्वाचा हक्क मिळाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असतील तरच हा हक्क मुलीस मिळेल. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती अट काढून टाकली. आता समजा, २००५ पूर्वी वडील वारलेली एखादी स्त्री २०२१ मध्ये वकिलाकडे गेली, आणि वकिलाचे वाचन २०१५ पाशीच थांबलेले असले, तर ‘बाई, तुमचा हक्क नाही’ असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगेल. ती परत जाईल. दावा होणारच नाही. आणि ही चूक कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात नोंदविली जाणार नाही. अज्ञानाचे हे अदृश्यपण आम्हांस सर्वांत भयंकर वाटते.

१ जुलै २०२४ पासून तर फौजदारी कायद्याचे तिन्ही आधारग्रंथ बदलले आहेत. दंडसंहितेची ५११ कलमे जाऊन भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम आता १०३ झाले. ज्या आकड्याने मराठीस ‘चारसोवीस’ हा शब्द दिला, तो गुन्हा ३१८ व्या कलमात गेला. त्या तारखेपूर्वीचे गुन्हे जुन्याच दंडसंहितेने तोलले जात असल्याने वकिलास दोन्ही संहिता एकाच वेळी अवगत असाव्या लागतात. १८६४ ची आठवण करून देणारी ही वेळ आहे.

सक्ती असावी की नसावी, हा वाद आम्ही येथे निकालात काढू इच्छीत नाही. तासांची नोंद म्हणजे विद्या नव्हे, हे शिक्षकवर्गास सांगण्याची गरज नाही. पण सक्ती नाही म्हणजे अध्ययनाची जबाबदारी कोणाचीच नाही, असाही अर्थ होऊ नये. मागील दीडशे वर्षांचा इतिहास एक गोष्ट निश्चित दाखवितो. एकेका वकिलाचा व्यासंग कितीही थोर असला तरी तो इतरांच्या हाती पोहोचला तो ग्रंथ, निवाडेमाला, कोश आणि सहवाचन यांच्याच द्वारे. मंडलिकांनी मूळ पाठ छापला म्हणून पुढच्यांस त्यावर वाद घालता आला. आज नव्या संहितांची चांगली मराठी विवरणे, गोव्याच्या वारसा कायद्याचे मराठी निरूपण, सीमाभागातील वकिलांसाठी मराठी-कन्नड विधिपरिभाषेचा कोश, ही कामे साहित्यसंस्था व भाषाशिक्षक यांच्या साहाय्यानेच होऊ शकतील. शास्त्र्याची खुर्ची १८६४ मध्ये रिकामी झाली. तिच्यावर नंतर बसला तो ग्रंथ. तो ग्रंथ अद्ययावत ठेवणे हे वकिलांचे कर्तव्य आहे; आणि तो सामान्य पक्षकारासही कळेल अशा मराठीत असावा, हे पाहणे आपणा सर्वांचे आहे.