अमेरिकेची 'ग्रीन कार्ड लॉटरी': आपल्यापैकी कोण अर्ज करू शकतो?

अमेरिकेत कायम राहण्याचा हक्क सोडतीने देणारी योजना म्हणजे डायव्हर्सिटी व्हिसा. 1990 च्या कायद्याने ती आली. त्यात वर्षाला जास्तीत जास्त 55,000 व्हिसांची तरतूद आहे. ज्या देशातून मागच्या पाच वर्षांत 50,000 पेक्षा जास्त लोक तिकडे स्थायिक झाले, तो देश बाद. म्हणून भारत यात नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशही नाहीत.

मग आपलं कुणीच बसत नाही का? तसं नाही. पासपोर्ट कुठला यापेक्षा जन्म कुठला हे बघतात. अब्बा सौदी, कुवेत किंवा दुबईला नोकरीला असताना तिथे जन्मलेली व्यक्ती भारतीय असूनही अर्ज करू शकते. तिथला जन्मदाखला जपून ठेवा. नवरा किंवा बायको तिथे जन्मलेली असेल तर जोडीदाराच्या जन्मस्थानावरही अर्ज चालतो. मात्र दोघांनी सोबतच जायला हवं. शिक्षण बारावी, किंवा कसबी कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो.

अर्ज फक्त अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर होतो. नियम बदलतात, त्यामुळे सोडत चालू आहे का ते आधी तिथेच बघा. एकाने एकच अर्ज भरायचा. जास्त भरले तर सगळे बाद. निकालही कन्फर्मेशन नंबर टाकून स्वतःच बघायचा. नंबर लागला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमचा नंबर लागला, पैसे भरा" म्हणालं, तर ती फसवणूकच समजा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.