ठरवून दिलेली कामं

विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात अपंग तरुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न निघाला की त्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असे. अंध असेल तर वेताच्या खुर्च्या विणायच्या, कर्णबधिर असेल तर छापखान्यात खिळे जुळवायचे किंवा शिवणयंत्रावर बसायचं, चार बुकं शिकलेला अंध मुलगा असेल तर टेलिफोनचा बोर्ड सांभाळायचा, आणि शतकाच्या अखेरीस पायाने अधू असलेल्याला एसटीडीचा बूथ. ही कामं ज्यांनी सुचवली त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. भीक किंवा घरातला कोपरा एवढेच पर्याय समोर असताना त्यांनी कष्टाची मजुरी मिळवून दिली. पण हा सव्वाशे वर्षांचा इतिहास सलग पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अपंगत्वाचा प्रकार पाहून जो धंदा नेमून दिला, तो फार तर एक पिढी टिकला. आणि तो बुडाला तेव्हा त्याच धंद्याचं शिक्षण घेऊन नुकतीच बाहेर पडलेली मुलं सर्वांत आधी उघड्यावर आली. कामांची यादी बाजूला ठेवून कामाची जागा बदलली, तिथेच रोजगार मुळं धरू शकला.

यादीची सुरुवात खरं तर मनाईपासून झाली. १८९८च्या कुष्ठरोगविषयक कायद्याने प्रांतिक सरकारला असा अधिकार दिला की ठरवून दिलेल्या भागात कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधं किंवा कपडे विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, भाड्याचं वाहन हाकू नये. शिवाय सरकार जो धंदा बंद म्हणेल तोही करू नये. म्हणजे रोगी माणसाला काय येतं हे कुणी विचारलंच नव्हतं, त्याने काय करायचं नाही एवढंच लिहून ठेवलं होतं. याच सुमारास मुंबईत विशेष शाळा सुरू होत होत्या. मूकबधिरांसाठी १८८५ साली संस्था निघाली, १९०० साली अमेरिकन मिशनने अंधांची शाळा काढली, १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली आणि १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा आली. अक्षरओळख, संगीत आणि हस्तव्यवसाय हा या शाळांचा साचा. हस्तव्यवसाय निवडताना कसोटी साधी होती: न बघता करता येईल असं काय, न ऐकता करता येईल असं काय. मुलाला काय आवडतं, बाजारात कशाला मागणी वाढते आहे, हे प्रश्न त्या कसोटीत बसत नव्हते.

त्याच काळातलं एक उदाहरण मात्र वेगळं आहे आणि त्याची आठवण फारशी ठेवली जात नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. पुढे ते खडकीला गेलं आणि तिथे आजही आहे. तिथे इंजिनं सांभाळणं, मोटारीचं काम, शिवणकाम अशी त्या काळच्या बाजारात भाव असलेली कौशल्यं शिकवली गेली. पाय गमावलेल्या सैनिकाला इंजिनाजवळ उभं करायला सरकार तयार झालं, कारण त्याचं देणं लागतो ही जाणीव होती. जन्मापासून अंध असलेल्या मुलाबद्दल तशी जाणीव नव्हती, म्हणून त्याच्या वाट्याला वेत आला. दोघांच्या क्षमतेत फरक होता असं म्हणायला काहीच आधार नाही. फरक समाजाच्या अपेक्षेत होता.

स्वातंत्र्यानंतर या कामाला संघटित रूप आलं. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला नॅब म्हणतात ती संस्था स्थापन झाली. तिने कार्यशाळा चालवल्या, जोगेश्वरीला अंधांचं औद्योगिक केंद्र उभं केलं. १९५९ मध्ये अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईतच उघडलं, आणि १९६८ मध्ये व्यावसायिक पुनर्वसन केंद्र. १९७७ पासून केंद्र सरकारच्या वर्ग ३ आणि वर्ग ४च्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव झाल्या. कागदावर ही चढती कमान आहे. पण त्या पायऱ्यांवरून चढलेली माणसं कुठे पोचली ते पाहावं लागतं. सरकारी कचेऱ्यांमधल्या वेताच्या खुर्च्या पुन्हा विणून देण्याचं काम अंध कारागिरांना बरीच वर्षं पुरलं. मग लोखंडी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि विणायला खुर्चीच उरली नाही. कर्णबधिर जुळाऱ्यांची नजर आणि बोटं तयार झाली होती, तेवढ्यात ऑफसेट आणि संगणकावरची अक्षरजुळणी आली व शिशाचे खिळे भंगारात गेले. बँकांत आणि कचेऱ्यांत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलेल्या अंध कर्मचाऱ्यांना पेन्शन मिळाली. पण थेट नंबर लागणारी यंत्रणा आल्यावर त्यांच्यामागून ती पदं भरलीच गेली नाहीत. तंत्र बदललं की धंदे जातात, हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. ऐकू येणाऱ्या जुळाऱ्याचीही नोकरी गेली. मात्र त्याला रंगारी, हमाल, दुकानदार, वाहनचालक असं काहीही होण्याची निदान मुभा होती. अंध किंवा कर्णबधिर कामगारासाठी यादीत दुसरी ओळच नव्हती.

एसटीडी बूथचा इतिहास यांत सर्वांत बोलका आहे, कारण तो अनेक वाचकांच्या डोळ्यांसमोर घडला आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पिवळ्या पाट्या गावोगाव लागल्या आणि बूथ देताना अपंगांना प्राधान्य देण्याचं धोरण ठरलं. रेल्वे स्थानकं, एसटी स्टँड, कोर्टकचेरीचं आवार, अशा मोक्याच्या जागी तीनचाकी सायकल किंवा कुबड्या बाजूला ठेवून बसलेला बूथवाला दिसू लागला. याचं मोल कमी लेखणं अन्यायाचं होईल. कार्यशाळेतला कारागीर भिंतीआड काम करत होता. बूथवाला बाजारात बसला, रोज शेकडो लोकांशी त्याचा व्यवहार झाला, त्याच्या नावावर परवाना होता, त्याच्या कमाईवर लग्नं झाली, मुलं शिकली. नेमून दिलेल्या कामांपैकी हे सर्वांत सन्मानाचं. तरीही दोष तोच राहिला होता. परवाना टेलिफोनचा होता, दुकानाचा नव्हता. १९९५ मध्ये देशात मोबाइल सेवा सुरू झाली आणि दहा-पंधरा वर्षांत प्रत्येकाच्या खिशात फोन आला. बूथ ओस पडले. माणूस पक्का विक्रेता झाला होता, हिशेब आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळत होता, पण त्याची ओळख त्या एका यंत्राला बांधलेली होती. अलीकडे राज्य शासनाने दिव्यांगांना पर्यावरणस्नेही वाहनावरचं फिरतं दुकान देण्याची योजना आणली आहे. वाहनावर काय विकायचं ते चालकाने ठरवायचं असेल आणि ते उभं करायला हक्काची जागा मिळणार असेल, तर ही योजना बूथपेक्षा पुढची ठरेल. नाहीतर विशीतल्या मुलाला पुन्हा एका ठरावीक वस्तूच्या स्वाधीन केल्यासारखं होईल.

याच्या उलट बाजूचा पुरावा विदर्भात आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढच्या दोन वर्षांत वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवनाची वस्ती सुरू झाली. तिथे कुष्ठरोग्याला झेपेल असं एखादं हलकं काम शोधण्याची पद्धत नव्हती. विहीर खणायची, बांध घालायचे, शेती करायची, मग माग, लोहारकाम, सुतारकाम, बांधकाम. जे वस्तीला हवं ते सगळं तिथल्या माणसांनी करायचं. अवजार हाताला बसत नसेल तर अवजार बदलायचं. अडचण आली ती हातांची नव्हे, गिऱ्हाइकाची. भाजी पिकली, दूध निघालं, पण गावातले लोक घेईनात. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन राहिले, रुग्णांबरोबर जेवले, बांधकाम केलं. ते पाहून वरोऱ्यातली भीती ओसरू लागली. पुढे आनंदवनात महाविद्यालय निघालं आणि पंचक्रोशीतली निरोगी मुलं तिथे शिकायला येऊ लागली. १८९८च्या कायद्याने ज्यांना विहिरीपासून आणि बाजारापासून लांब ठेवलं होतं, त्यांच्या दारात गावाला यावं लागलं. आनंदवन ही वेगळी वस्ती होती आणि वेगळी वस्ती हा अंतिम उपाय असू शकत नाही, हे मान्य. पण कामं निवडून न देता माणसं आणि साधनं यांची सांगड घातली तर काय होतं, याचा इतका मोठा पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही.

कायद्याने मात्र यादीचा मार्ग सोडला नाही. १९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने ३ टक्के आरक्षण सर्व वर्गांत आणलं, पण अपंगांसाठी योग्य अशी पदं आधी निश्चित करायची अट घातली. मग खात्यांनी पदं निश्चितच केली नाहीत, किंवा केली तेवढ्याच पदांवर ३ टक्क्यांचा हिशेब लावला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अंध उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलं की पदं निश्चित न केल्याचं कारण पुढे करून आरक्षण नाकारता येणार नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं की टक्केवारी एकूण रिक्त पदांवर मोजायची. म्हणजे कायदा होऊन अठरा वर्षं गेल्यावर त्याचा हिशेब नीट लागला. या काळात पंचविशीत असलेली मुलं वयोमर्यादा ओलांडून गेली, त्यांना भरपाई कुणी दिली नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची अपंगत्वं मानली आणि आरक्षण ४ टक्क्यांवर नेलं. तरी निश्चित पदांची यादी राहिलीच. २०२१च्या अधिसूचनेत अशी ३,५६६ पदं आहेत. यादी लांबली हे चांगलंच झालं, पण प्रत्येक नव्या पदाने आधी स्वतःची पात्रता सिद्ध करायची हा उलटा न्याय तसाच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ साली केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या तेव्हा रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना अंधत्वाच्या कारणावरून घेतलं गेलं नाही. पुढच्याच परीक्षेत १२४वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या आणि केरळात उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी कारभार सांभाळला. ज्या व्यक्तीला हिशेबाच्या टेबलावर बसवायला एक खातं तयार नव्हतं, तिच्यावर दुसऱ्या खात्याने त्याहून मोठी जबाबदारी टाकली.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गांभीर्याने घेण्यासारखे आहेत. पहिला असा की यादीमुळे निदान काही जागांची हमी मिळते. यादी काढून टाकली तर मालक कुणालाच घेणार नाही. हमी हवीच, पण ती एकूण जागांच्या प्रमाणात असावी, ठरावीक कामांच्या रूपात नव्हे. २०१३च्या निकालाचं सार हेच आहे. दुसरा आक्षेप उत्पादकतेचा. १९४८च्या किमान वेतन कायद्यातही अपंग कामगाराला किमान वेतनातून वगळण्याची मुभा सरकारला दिलेली होती, यावरून हा समज किती खोल रुजला होता ते कळतं. मात्र कामाचा वेग माणसाइतकाच साधनांवर ठरतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली आली आणि अंध माणूस बँकेत, सॉफ्टवेअर कंपनीत, प्राध्यापकाच्या खुर्चीत बसून तेच काम करू लागला जे एका पिढीपूर्वी अशक्य म्हणून सोडून दिलं होतं. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना खुल्या बाजारात सोडून देणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं. त्यांच्यासाठी पुण्याच्या कामायनीसारख्या संस्थांमधलं संरक्षित काम लागतं आणि पुढेही लागेल. त्याला अनुदान, चांगलं मानधन आणि खरेदीची हमी मिळाली पाहिजे. पण काहींना आयुष्यभर सावली लागते म्हणून सगळ्यांनाच सावलीत बसवून ठेवण्याचं समर्थन होत नाही. गेली शंभर वर्षं नेमकं तेच झालं.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांतले सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. देशातल्या अपंग पुरुषांपैकी ४७ टक्के कामावर होते, स्त्रियांपैकी फक्त २३ टक्के. या स्त्रियांचा उल्लेख वर आलेल्या इतिहासात जवळजवळ नाही, कारण कामांच्या याद्या करणाऱ्यांसमोर कमावता पुरुषच होता. खासगी क्षेत्राला आकर्षित करण्यासाठी २००८ मध्ये केंद्र सरकारने अपंग कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीतला आणि विमा योजनेतला मालकाचा वाटा तीन वर्षं स्वतः भरण्याची योजना आणली. तिचं नावसुद्धा बहुतेक लहान कारखानदारांपर्यंत पोचलेलं नाही. महाराष्ट्राने २०२२च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. या विभागाने आणखी एक यादी करण्याऐवजी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचं दार या मुलामुलींना उघडं आहे का, तिथे उतार, दुभाषा, ब्रेल आणि वाचक प्रणाली आहे का, हे तपासलं तर त्याच्या स्थापनेचं सार्थक होईल.

आणि हे काम एकट्या सरकारचं नाही. २०१६च्या कायद्यानुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करणं, दिव्यांग कर्मचाऱ्याला कोणत्या सोयी आणि कोणती पदं खुली आहेत हे त्यात लिहिणं बंधनकारक आहे. आपण जिथे नोकरी करता किंवा जो व्यवसाय चालवता, तिथे असं धोरण आहे का ते एकदा विचारा, आणि नसेल तर ते करायला लावा.