छोट्या कार्यालयाचे जाळे : लॉगिन ज्याचे, जबाबदारी त्याची

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावरील साक्री हे तालुक्याचे गाव. अशा गावातील पतसंस्था, करसल्लागाराचे कार्यालय, महाविद्यालयाचा कार्यालयीन विभाग किंवा खते-बियाण्यांचा विक्रेता यांच्याकडे पाच-दहा संगणक, एक-दोन प्रिंटर आणि सर्वांच्या फायली ठेवणारा एक मुख्य संगणक एवढे जाळे असू शकते. या जाळ्याची उभारणी बहुधा एकदाच होते. त्यानंतर सारे संगणक 'ॲडमिन' या एकाच नावाने उघडले जातात आणि त्याचा पासवर्ड सर्वांना तोंडपाठ असतो. काम अडत नाही, म्हणून कोणाची तक्रारही नसते.

प्रश्न उभा राहतो तो एखादी नोंद बदललेली किंवा फाइल नाहीशी झालेली आढळल्यावर. हे कोणी केले, या प्रश्नाला संगणकाकडे 'ॲडमिन' एवढेच उत्तर असते. मग संशय त्या खुर्चीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यावर जातो आणि ते काम आपण केले नाही, हे दाखविण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती उरत नाही. सामाईक पासवर्डामुळे अपराधी लपतो हे खरेच; पण त्याहून मोठी हानी म्हणजे निरपराध माणूस उघडा पडतो.

कागदी कीर्दीत ही अडचण नव्हती. कोणती ओळ कोणत्या कारकुनाने लिहिली, हे हस्ताक्षरावरून कळे आणि खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसे. संगणकावर सर्वांचे अक्षर सारखेच. तेथे हस्ताक्षराची जागा लॉगिनने घ्यायची असते.

खाती : एक माणूस, एक नाव

पहिला नियम असा की, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते असावे आणि ते मर्यादित अधिकारांचे असावे. नवी आज्ञावली बसविणे, खाती उघडणे किंवा बंद करणे हे अधिकार असलेले प्रशासक खाते वेगळे ठेवावे व त्या कामापुरतेच वापरावे. मालकानेही रोजच्या कामासाठी साधेच खाते वापरणे हिताचे. कारण प्रशासक म्हणून काम करीत असताना शिरलेला व्हायरस प्रशासकाचेच अधिकार घेऊन वावरतो.

विंडोजच्या साध्या 'वर्कग्रुप' मांडणीत प्रत्येक संगणक आपली खातेयादी स्वतःपाशी ठेवतो. चार संगणकांपर्यंत हे निभावते. दहा संगणक झाले की नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते नऊ ठिकाणी बंद होते आणि दहाव्या ठिकाणी उघडे राहते. यावरचा उपाय म्हणजे 'डोमेन'. त्यात सर्व खाती एका सर्व्हरवर राहतात आणि तेथे एकदा केलेला बदल सर्वत्र लागू होतो. विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेली 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' हीच सोय देते. सर्व्हरच्या परवान्याचा खर्च परवडत नसेल, तर लिनक्सवर चालणारी 'सांबा' ही मुक्त आज्ञावली २०१२ च्या अखेरीस आलेल्या ४.० या आवृत्तीपासून तेच काम करू शकते. मात्र विंडोजची 'होम' आवृत्ती डोमेनमध्ये सामील होत नाही. संगणक खरेदी करतानाच 'प्रो' आवृत्ती घेतलेली बरी.

धोरणे : पाळता येतील तेवढीच

पासवर्डची किमान लांबी किती, किती चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद व्हावे, जागा सोडून गेल्यावर पडदा किती मिनिटांत कुलूपबंद व्हावा, हे सारे 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'तून किंवा डोमेन असल्यास 'ग्रुप पॉलिसी'तून ठरविता येते. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती पूर्वी शिस्तीचे लक्षण मानली जाई. तिचा परिणाम मात्र उलटा होतो. माणसे जुन्याच शब्दापुढचा आकडा वाढवितात किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवतात. अमेरिकेच्या 'एनआयएसटी' या मानक संस्थेने २०१७ मध्येच अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये, असे सुचविले. लांब, लक्षात राहणारा शब्दसमूह घ्यावा आणि तो फुटल्याचा संशय येताच बदलावा, हे अधिक उपयोगाचे. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादाही फार कडक नसावी. तीनच संधी दिल्यास गर्दीच्या दिवशी खिडकीवरचा कारकूनच बाहेर अडकतो आणि शेजाऱ्याचे लॉगिन मागतो. जे धोरण पाळता येत नाही, ते पासवर्ड वाटून घेण्यास शिकविते.

परीक्षण : नोंद ठेवणे आणि ती वाचणे

विंडोज आपल्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील सुरक्षा नोंदवहीत घडामोडी क्रमांकांनी लिहितो. यशस्वी प्रवेशाला ४६२४, फसलेल्या प्रयत्नाला ४६२५, नवे खाते उघडल्यास ४७२० आणि ही नोंदवहीच कोणी पुसली तर ११०२ हा क्रमांक पडतो. मध्यरात्रीचा ४६२४, ओळीने शंभर वेळा ४६२५ किंवा एकच ११०२ दिसला तरी चौकशी व्हावी.

फाइल कोणी उघडली किंवा खोडली, ही नोंद मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी धोरणात 'ऑब्जेक्ट ॲक्सेस'चे परीक्षण सुरू करावे लागते आणि मग त्या विशिष्ट फोल्डरवरही ते लावावे लागते. सर्वच फोल्डरांवर लावल्यास नोंदींचा पूर येतो. नोंदवही भरली की मूळ मांडणीत जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. म्हणून तिचा आकार वाढवावा आणि दरमहा तिची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

हिशेबाच्या आज्ञावलीचे लॉगिन हा वेगळा विषय आहे. संगणक कोणी उघडला हे विंडोज सांगेल. पावतीवरची रक्कम कोणी बदलली, हे हिशेबाची आज्ञावलीच सांगू शकते. तिच्यातही प्रत्येकाचे स्वतंत्र नाव हवे.

आणखी एक दुर्लक्षित बाब म्हणजे घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. अशा नोंदी पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतात. सर्व संगणकांची वेळ इंटरनेटवरील वेळसेवेशी जुळविलेली असावी.

नोंदी जुळविल्या नाहीत तर

केवळ नोंद असून भागत नाही, हे पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणाने दाखविले. मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतील गैरव्यवहार बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड केला, तेव्हा त्याचा आकडा ११ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. 'स्विफ्ट' या संदेशयंत्रणेतून हमीपत्रे पाठविली गेली. पण बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंद केली गेली नाही, असा आरोप पुढे आला. दोन्ही यंत्रणा परस्परांशी जोडलेल्या नव्हत्या. ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना अशा गैरवापराबाबत किमान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने त्यानंतर सांगितले. पाच संगणकांच्या कार्यालयालाही हाच धडा लागू आहे. एका वहीतील नोंद दुसरीशी ताडून पाहणारा माणूस नेमलेला हवा आणि तो शक्यतो नोंद करणारा नसावा.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम '६६ सी'नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या व अन्य व्यावसायिक संस्थांनी संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्यात, अशी अपेक्षा आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाचा माग राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा संगणकीय नोंदी ठरावीक प्रमाणपत्रासह न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतात.

सुरुवात कोठून करावी?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. पहिल्या दिवशी खात्यांची यादी काढून सोडून गेलेल्यांची नावे बंद करावीत. दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि 'ॲडमिन'चा पासवर्ड बदलून मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. त्यानंतर प्रवेशाचे परीक्षण सुरू करून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ती नोंदवही वाचावी. अशी नोंद ठेवली जाते हे कर्मचाऱ्यांना आधीच, लेखी कळवावे. ती त्यांच्यावरील अविश्वासापोटी नाही. उद्या कोणी बोट दाखविले, तर त्यांच्या बाजूने बोलणारी साक्ष तीच असेल.