लेह मोठं की कच्छ?

मागच्या भागानंतर इंदूर, बडोद्याकडच्या काही श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारला: देशातला सर्वांत मोठा जिल्हा कोणता? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत कुठे कच्छ छापलेलं असतं, कुठे लेह. दोन्ही उत्तरांना आधार आहे, आणि त्यामागे आपला अर्धवट राहिलेला इतिहास आहे.

२०११ च्या जनगणनेच्या वेळी कच्छचं क्षेत्रफळ होतं ४५,६७४ चौरस किलोमीटर. लेहचे आकडे मात्र दोन. नकाशावरचं लेह ८२,६६५ चौरस किलोमीटर. त्यातला अक्साई चीनचा ३७,५५५ चौरस किलोमीटरचा प्रदेश चीनच्या ताब्यात आहे. तो वजा केला की उरतात ४५,११०. म्हणजे कच्छ ५६४ चौरस किलोमीटरनं पुढे. हा फरकसुद्धा सगळ्या मुंबई उपनगर जिल्ह्यापेक्षा मोठा आहे, कारण ते उपनगर अवघं ४४६ चौरस किलोमीटरचं!

जनगणना घनता काढते ती ताब्यातल्या जमिनीवरून, कारण जिथं प्रगणक पोहोचतच नाही ती जमीन भागाकारात कशी धरणार? लेहची लोकसंख्या होती १,३३,४८७. घनता आली चौरस किलोमीटरला ३ माणसं. मुंबई उपनगरात हाच आकडा जवळपास २१ हजार.

आता सैनिकाच्या नजरेनं बघा. अक्साई चीन सतरा हजार फुटांच्या आसपासचं ओसाड पठार. तिथं गाव नाही, तलाठी नाही, गुराखी क्वचित. कुणी परका आला तर वर्दी द्यायला माणूसच नाही. चीननं शिंजियांग-तिबेट रस्ता याच पठारावरून नेला आणि १९५७ मध्ये तो पुरा केला. आपण १९५८ च्या उन्हाळ्यात दोन टेहळणी तुकड्या पाठवल्या, त्यातली एक चिन्यांनी पकडली. विरळ वस्ती हे एकमेव कारण नव्हे, दिल्लीतली ढिलाईही होती. पण माझ्या मते वस्ती असती तर बातमी इतकी उशिरा आली नसती.

याच्या उलट उदाहरण १९४८ चं. लेह शहरात थोडी का होईना, माणसं होती. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानं स्थानिकांच्या हातांनी धावपट्टी तयार करून घेतली, आणि २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डकोटा उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. त्या धावपट्टीनं लेह वाचवलं.

बरं, ते ३ तरी सगळे लेहचेच का? २०११ मध्ये तिथं हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ६९०. लष्कराच्या छावण्या जनगणनेत मोजल्या जातात. शिवाय हिमाच्छादित भागातली मोजणी २०१० च्या सप्टेंबरातच उरकली होती. तेव्हा खिंडी उघड्या असतात आणि रस्त्याच्या कामावर बाहेरून आलेले मजूर अजून परतलेले नसतात. शेजारच्या कारगिलचं क्षेत्रफळ १४,०३६, लेहच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. तरी माणसं जास्त, १,४०,८०२. सुरू नदीचं खोरं जरा सखल, पाणी बरं, शेती पिकते. चांगथांगच्या उंचीवर पशमिना बकऱ्याच काय त्या तग धरतात.

पुढच्या जनगणनेतही लडाखसाठी संदर्भाची तारीख वेगळी आहे, १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे पुन्हा खिंडी उघड्या असतानाचीच. फेब्रुवारीत, रस्ते बंद असताना, तिथं खरोखर किती माणसं उरतात, हे त्या आकड्यातूनही कळणार नाही.