मेढ्यातला खडस वेण्णेत सोडायचा का?

गेल्या जूनमध्ये मेढ्याहून ओळखीच्या एका काकांचा फोन आला. "पोरी, तू माशांवर पीएचडी करतीस ना? मग एक सांग. आमचा मासा आता पेटीत मावंना. काचंला धडका देतोय. पाऊस चांगला लागला की वेण्णेत सोडू का?"

फोटो मागवला. तीन फुटी काचेची पेटी, तळाला निळे खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि त्यात दीड वीत लांबीचा, रुपयाएवढ्या खवल्यांचा खडस. म्हणजे महसीर. तीन वर्षांपूर्वी दुकानातून बोटाएवढी चार पिल्लं आणलेली, त्यातलं हे एक उरलेलं. आपल्या नद्यांमधल्या या माशाला गळाला लावायला लोक हजारो मैलांवरून येत, तो तीन फुटांत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन वळत होता. या जातीचा पूर्ण वाढलेला मासा मीटरभर लांबीचा होऊ शकतो. त्याला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं.

खरं सांगते, माझ्या तोंडून "सोडा की" निघणारच होतं. मासा इथला, नदी इथली, अडचण काय? पण तसं म्हटलं नाही. का नाही म्हटलं, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. तुम्ही प्राणिशास्त्रात संशोधन करणार असाल तर हा इतिहास तुमच्याही कामाचा आहे, कारण यातल्या बहुतेक चुका हुशार आणि चांगल्या हेतूच्या माणसांनी केल्या आहेत.

मोठे मासे पाळायची हौस आपल्याकडे काचेच्या पेटीबरोबर आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, ११३०च्या सुमाराचा. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून एक भाग येतो. कोणते मासे समुद्रातले, कोणते नदीतले, कोणाला काय खायला घालायचं, दोर आणि गळ कसा असावा, असं सगळं. १९५१ मध्ये माशांचे नावाजलेले अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी हा भाग आधुनिक शास्त्रज्ञांसमोर मांडला. माशाला आधी खाऊ घालून सवय लावायची आणि मग गळ टाकायचा, ही युक्ती आजचा अँगलरही वापरतो.

दुसरी परंपरा देवाच्या डोहांची. महाबळेश्वरच्या डोंगरावरून वेण्णा पूर्वेला उतरते, तशी सावित्री पश्चिमेला उतरते. सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर, महाड तालुक्यात वाळणकोंडचा डोह आहे. वरदायिनी देवीचा. तिथले महसीर कोणी धरत नाही, भाविक त्यांना खाऊ टाकतात आणि मासे हाताशी येतात. पाळीव म्हणा की देवाचे म्हणा, माणसाळलेले ते आहेतच. पण ते आपल्याच नदीत आहेत. उन्हाळ्यात डोहात आणि पावसात प्रवाहात. मासा कुठला, हा प्रश्न तिथे कधी पडतच नाही.

हा प्रश्न पडायला लागला तो मासा नदीबाहेर गेल्यावर. आधी स्पिरिटच्या बाटलीत आणि कागदावर गेला.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ नंतरची काही वर्षं तो दख्खनभर फिरला आणि पिकं, लोकसंख्या, पक्षी, मासे, जे दिसेल ते नोंदवत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ चा. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. बऱ्याच नव्या जातींना त्याने लॅटिन विशेषणं शोधली नाहीत, मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावंच उचलली. शिंगटीचं 'सीन्गटी', कटरन्याचं 'कुतुर्नी', कोळशाचं 'कोलस'. नाकावर खाच असलेल्या माशाचं 'नुक्ता', म्हणजे आपला नकटाच. आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाचं 'खुद्री'. हाच आजचा टॉर खुद्री, काकांच्या पेटीतला. त्याच निबंधात शिरूरकडच्या घोड नदीतल्या आणखी एका मोठ्या माशाला त्याने 'मुसुल्ला' असं नाव दिलं.

आता गंमत बघा. साइक्सचे हे मूळ नमुने आज कुठल्याच संग्रहालयात मिळत नाहीत. हातात राहिलं ते थोडं वर्णन, चित्र आणि नदीचं नाव. पुढच्या अभ्यासकांनी 'मुसुल्ला' हे नाव उचलून थेट कावेरीतल्या कुबड असलेल्या राक्षसी महसीरला लावलं आणि ते कित्येक दशकं चालू राहिलं. २०१३ मध्ये वर्णन पुन्हा बारकाईने वाचल्यावर ठरलं की साइक्सचा मुसुल्ला महसीर नव्हेच, तो हिप्सेलोबार्बस या दुसऱ्या वंशातला. थोडक्यात, जगभरच्या गळवाल्यांना माहीत असलेल्या कावेरीच्या त्या माशाला तोवर स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं! हेन्री सुलिव्हन थॉमसच्या 'द रॉड इन इंडिया' या १८७३ च्या पुस्तकापासून साहेब लोक त्याच्यामागे होते. फोटो निघाले, वजनांचे विक्रम झाले, क्लब स्थापन झाले. नाव कोणी नीट तपासलं नाही. तुमच्या विषयातही अशी एखादी 'सगळ्यांना माहीत असलेली' गोष्ट असेल. तिच्यापासून सुरुवात करा.

काचेची पेटी या सगळ्यात उशिरा आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडलं आणि तिथून ही हौस पसरली. आपल्याकडे सामान्य माणसाने काचेआडचा मासा पाहिला तो बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात, १९५१ नंतर. घरोघरी पेट्या आल्या तेव्हा त्यात गोल्डफिश, गप्पी, एंजल असे परदेशी मासे होते. देशी मासा म्हणजे कालवणाचा, पेटीचा नव्हे, अशी आपली वाटणी. ती मोडली ती बाहेरच्या मागणीने. केरळच्या ओढ्यांतला, लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब परदेशी शौकिनांना आवडला आणि नद्यांमधून उपसा सुरू झाला. २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या तीस जातींचे पंधरा लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे भारतातून निर्यात झाले, असं २०१३ मध्ये राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. म्हणून पेटीत देशी मासा दिसला की "वा, स्वदेशी!" म्हणायची घाई मी करत नाही.

मग काकांची बोटाएवढी पिल्लं आली कुठून? नदीतून असतील किंवा हॅचरीतून. आणि महसीरची हॅचरी म्हटलं की लोणावळ्याला जावंच लागतं.

खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी लोणावळ्याच्या आसपास धरणं बांधली. धरण म्हणजे महसीरवर संकट, कारण पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढून खडकाळ पाण्यात अंडी घालतो. पण या तलावांत खडस टिकून होता. पावसाळी ओढे तलावात शिरतात तिथे तो वर चढायचा. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी नेमकं हेच हेरलं. कुलकर्णी म्हणजे मत्स्य खात्यातला जाणता माणूस. कृष्णा खोऱ्यातल्या, दुसऱ्या माशांची खवलं खाणाऱ्या एका छोट्या माशाला १९५२ मध्ये 'खवलचोर' असं मराठी नाव देऊन शास्त्रात आणणारे हेच. साइक्सचा वारसा म्हणायचा तो असा. १९७०च्या आसपास त्यांनी ओढ्याच्या तोंडाशी पकडलेल्या नर-मादीपासून खडसची अंडी फलित केली, ती कशी उबतात, पिल्लू कधी पोहायला लागतं, याच्या नोंदी घेतल्या. त्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आल्या. मिळाला तर तो लेख जरूर वाचा. महसीरची अंडी रोहू-कटल्यासारखी पाण्यात तरंगत राहत नाहीत, जड असतात, तळाशी बसतात, थोड्या थोड्या तुकडीने घातली जातात. म्हणजे रोहूची पद्धत इथे चालणार नव्हती, सगळं नव्याने बसवावं लागलं. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ते बसवलं आणि लोणावळ्याच्या केंद्रातून लाखांनी पिल्लं तयार होऊ लागली.

ही खरोखर मोठी गोष्ट होती. हा मासा नाहीसा होणार अशी धास्ती असताना तो माणसाच्या हाताखाली वाढू लागला. पिल्लं राज्याराज्यांना दिली गेली, आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती कावेरीतही सोडली जाऊ लागली. कुबडवाला महसीर कमी होतोय, तर महसीर सोडूया, असा सरळ हिशेब. महसीर तो महसीर!

पण खडस कृष्णा-गोदावरीकडचा. कावेरीचा नव्हे.

पुढे काय झालं ते समजलं गळवाल्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या गलिबोरे कॅम्पवर पकडलेला प्रत्येक महसीर तोलून, नोंद करून परत सोडायची पद्धत होती. १९९८ ते २०१२ या वर्षांतल्या सहा हजारांहून जास्त माशांच्या नोंदी एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी एकत्र केल्या. निळसर परांचा महसीर, म्हणजे आपला खडस, भराभर वाढत गेला होता. कुबडवाल्याची नवी पिल्लं दिसेनाशी झाली होती, उरले होते ते थोडे मोठे, म्हातारे मासे. त्या नदीवर इतर संकटंही होतीच, धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी. पण बाहेरून आणलेल्या चुलतभावाने जागा बळकावली, हे वह्यांत स्पष्ट दिसलं. २०१८ मध्ये कुबडवाल्याला अखेर टॉर रेमादेवी हे नाव मिळालं. हे नाव आधी केरळातल्या एका उपनदीतल्या माशाला दिलेलं होतं, भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या संशोधक के. रेमादेवी यांच्या नावावरून. दोन्ही एकच जात निघाली. त्याच वर्षी ती 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेली. नाव मिळालं आणि धोक्याचा शिक्काही, दोन्ही एकदमच.

यात खलनायक शोधू नका. लोणावळ्याचं विज्ञान चोख होतं. गळवाल्यांचं नदीवर प्रेम होतं. फक्त पिल्लाबरोबर त्याच्या नदीचं नाव प्रवास करत नव्हतं.

आता मेढ्याला परत येऊया. "पण काका कावेरीत थोडीच सोडणार आहेत? खडस तर कृष्णा खोऱ्याचाच." बरोबर. मीही आधी तेच म्हटलं. पण दुकानातल्या पेटीतला मासा खरंच खडस आहे, की ईशान्येकडचा किंवा हिमालयातला दुसरा महसीर, की दोघांचा संकर, हे फोटोवरून मी छातीठोक सांगू शकत नाही. खडस असला तरी कुठल्या पाण्यातल्या आई-बापांचा? तीन वर्षं परदेशी माशांच्या शेजारी राहून त्याने कोणते परजीवी घेतले? मेढ्याखाली कण्हेरचं धरण आहे. वेण्णेत सोडलेला मासा त्या जलाशयात उतरणार, पावसात वर चढणार आणि तिथे मूळचे खडस असतील तर त्यांच्यातच मिसळणार. एक मासा काय करेल, असं वाटतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर हाच विचार करणारे काका एकच असतील असं मला वाटत नाही. भारतातल्या तलावांत आज सकरमाउथ कॅटफिश सापडतात, तेही असेच कोणाकोणाच्या दयेतून पाण्यात पडलेले आहेत.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग मागून आजींचा आवाज आला, "एवढा इचार कशाला, रस्सा करा की." शास्त्रीय दृष्ट्या आजींचा सल्ला माझ्या पहिल्या उत्तरापेक्षा बरा होता, पण काकांचा जीव जडला होता.

शेवटी मळ्यातल्या सिमेंटच्या मोठ्या हौदात त्याची सोय झाली. हौदाचं पाणी ओढ्याला जात नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं, आणि सांडव्याच्या नळाला जाळी लावायला सांगितली. जमल्यास शेपटीच्या पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवून माझ्याकडे द्या, डीएनए बघता येईल, असंही म्हटलं. त्याला काका अजून तयार नाहीत. दुकानाचं बिल मात्र त्यांनी शोधून काढलं आणि फोटो पाठवला. तारीख आहे, रक्कम आहे. मालाच्या रकान्यात लिहिलंय, 'मासा, ४ नग'.