तळटीप : माथेरानचे इंजिन

१. लेखकाने इथे ‘इंग्रजी बनावटीचे चिमुकले इंजिन’ म्हटले आहे. चिमुकले खरे, इंग्रजी मात्र नव्हे. नेरळ-माथेरान ही २ फुटी रुळांची गाडी आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशातून उभी राहिली आणि १९०७ मध्ये सुरू झाली. तिची चारही वाफेची इंजिने बर्लिनच्या ओरेनस्टाइन उंट कोपेल या कारखान्याची. पुढे त्यांना ७३८ ते ७४१ हे क्रमांक मिळाले.

या घाटात विसास एक असा चढ आणि पावलोपावली वळणे. चढासाठी सगळी चाके जुंपलेली हवीत, पण सहा जुंपलेली चाके ताठ आसांवर असली की अशा वळणावर अडकणार. तोड काढली ती क्लीन-लिंडनर रचनेने : पुढच्या व मागच्या जोडीचा आस पोकळ, त्याच्या आत दुसरा भरीव आस, आणि दोहोंमध्ये गोलाकार सांधा. आतला आस फिरवण्याचे काम करतो, बाहेरचा चाकांसकट वळणाकडे झुकतो. प्रवाशाला यातले काहीच दिसत नाही. बाहेर फक्त दांडे हलताना दिसतात.

१९५०च्या दशकात डिझेल इंजिने आली (तीही जर्मनच!), तरी ही म्हातारी १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत राबत होती. ७४० क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडला गेले. तेव्हा लेखकाचे ‘इंग्रजी’ एका इंजिनापुरते, उशिरा का होईना, थोडेसे खरे ठरले. – संपा.