स्कॉटचा पगार

युजर स्कॉट, पासवर्ड टायगर. नव्वदच्या दशकात ऑरॅकल डेटाबेसच्या क्लासला गेलेल्या कुणालाही विचारा, ही जोडी तोंडपाठ असते. लॉग-इन केलं की दोन टेबलं समोर यायची: ‘ईएमपी’मध्ये चौदा कर्मचारी, ‘डेप्ट’मध्ये चार विभाग. सोलापुरात मी वर्षानुवर्षं डेटाबेस शिकवला तो मुख्यतः या अठरा ओळींवर. स्कॉट म्हणजे ब्रूस स्कॉट, ऑरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी एक. टायगर हे त्याच्या घरच्या मांजराचं नाव.

आमच्याकडे मुलं यायची ती बहुधा फॉक्सप्रो शिकून. तिथे टेबल उघडायचं, इंडेक्स लावायचा आणि ‘स्किप’ करत फाइल संपेपर्यंत एकेक रेकॉर्ड चाळायचं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर’ लिहून सेमिकोलन दिला की संपलं, यावर त्यांचा विश्वास बसत नसे. प्रश्न ठरलेला: “मॅडम, पण लूप कुठे लिहायचा?”

मला हा प्रश्न फार आवडे, कारण अमेरिकेत सत्तरच्या दशकात मोठमोठी माणसं यावरूनच भांडली होती. त्याआधीच्या डेटाबेसांत, म्हणजे अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या याद्यांसाठी उभ्या राहिलेल्या आयबीएमच्या आयएमएससारख्या यंत्रणांत, माहिती झाडासारखी फांद्याफांद्यांनी लावलेली असे. कुठल्या फांदीवरून कुठे जायचं हे प्रोग्रॅमला माहीत असावं लागे. रचना बदलली की प्रोग्रॅम मोडलाच. १९७०च्या जूनमध्ये आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी मांडलं, की यंत्राच्या पोटात माहिती कशी ठेवली आहे याच्याशी वापरणाऱ्याचा संबंधच नसावा. त्याला दिसावीत फक्त टेबलं. मुलांना मी सांगायचे, रिक्षावाल्याला पत्ता सांगा, वळणं त्याची त्याला घेऊ द्या.

जुन्या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन यांना हे पटणं शक्य नव्हतं. १९७३चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी केलेल्या भाषणाचा विषयच होता ‘प्रोग्रॅमर, एक नॅव्हिगेटर’. पुढच्या वर्षी अ‍ॅन आर्बरच्या एका परिषदेत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. त्याच परिषदेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएमच्या दोन तरुणांनी ‘सीक्वल’ ही भाषा मांडली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. बॉइस त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. तिशीही गाठली नव्हती त्यांनी.

चेंबरलिन यांना कॉडचं म्हणणं पटलं ते एका सेमिनारमध्ये. आपल्या मॅनेजरपेक्षा जास्त पगार घेणारे कर्मचारी शोधा, यांसारखे प्रश्न जुन्या पद्धतीने पानंच्या पानं घेत, आणि कॉड ते एका ओळीत लिहून दाखवत होते. हा प्रश्न मी दर वर्षी ईएमपीवर घालायचे. इथे टेबल स्वतःशीच जोडावं लागतं, एकदा कर्मचारी म्हणून, एकदा मॅनेजर म्हणून. उत्तरात दोनच नावं येतात: फोर्ड आणि स्कॉट! दोघांचा पगार ३०००, त्यांच्या मॅनेजरचा, जोन्सचा, २९७५. ज्याच्या नावाने आपण लॉग-इन केलंय तोच साहेबापेक्षा पंचवीस डॉलर जास्त घेतो, हे कळल्यावर लॅबमध्ये हशा पिकायचा. हे मुद्दाम केलेलं असावं, अशी माझी आपली समजूत आहे.

आणि लूप? तो जात नाही कुठेच, यंत्र लिहितं. कॉडच्या विरोधकांचा खरा आक्षेप वेगाचा होता: वाट माणसाने निवडली नाही तर यंत्र रखडेल. कोणत्या इंडेक्सने गेलं तर किती खर्च येईल याचा हिशेब करून यंत्रानेच स्वस्त वाट कशी निवडावी, हे आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९मध्ये दाखवलं. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण पार शेवटी येतं, मी दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकायचे.

गंमत म्हणजे, हे सगळं आयबीएमच्या घरात घडलं आणि १९७९मध्ये बाजारात माल आणला ऑरॅकलने, आयबीएमचेच छापील निबंध वाचून. पहिल्याच मालाला नाव दिलं ‘व्हर्जन दोन’. आयबीएमचं पहिलं एसक्यूएल उत्पादन १९८१ साली आलं.

ईएमपीतला माझा सर्वांत लाडका रकाना कमिशनचा. चार सेल्समन सोडले तर तो सगळ्यांचा रिकामा. त्या चौघांतल्या टर्नरला कमिशन शून्य. पगार अधिक कमिशन असं लिहिलं, की टर्नरची बेरीज १५०० येते आणि अध्यक्ष किंगची काहीच येत नाही. शून्य म्हणजे मिळालं नाही, रिकामं म्हणजे लागूच नाही किंवा ठाऊक नाही. व्याख्यानाने न कळणारी गोष्ट टर्नर एका ओळीत समजावतो. तसाच बॉस्टनचा ऑपरेशन्स विभाग. तिथे एकही माणूस नाही, त्यामुळे साध्या जॉइनमध्ये तो गायब होतो. अशा एकट्या ओळींनाही उत्तरात ठेवणारा आउटर जॉइन शिकवायलाच जणू तो ठेवलाय.

पुढे ऑरॅकल ९आयबरोबर ‘एचआर’ नावाचा नवा नमुना आला, १०७ कर्मचाऱ्यांचा. स्कॉटच्या खात्याला कुलूप लागू लागलं, आणि ते योग्यच होतं, कारण सगळ्या जगाला पासवर्ड ठाऊक. पण १०७ ओळींवर उत्तर बोटाने मोजून ताडता येत नाही, चौदांवर येतं. म्हणून पहिल्या सत्रात मी स्क्रिप्ट चालवून जुनीच टेबलं बनवून घ्यायचे, एचआर दुसऱ्या सत्रात. किंग तिथेही अध्यक्षच आहे आणि त्याच्या मॅनेजरचा रकाना तिथेही रिकामा.